छापील बाजू बाहेर

ताय,

तुझ्या शोकसभेत आमदारांनी तुला दोन मिनिटं शांतता वाहिली. तू जिवंत असताना त्यांच्याकडे बोलायला दहा मिनिटं मागत होतीस, ती काही त्यांना मिळाली नाहीत. शेवटी वेळ दिला, तोही गप्प राहण्यासाठी.

तू असतीस तर तिथूनच उठून चालू लागली असतीस, आणि तुझ्या चपला हुडकत मला मागून पळावं लागलं असतं. तू नव्हतीस म्हणून बसले. पंचायतीच्या सभागृहात, पहिल्या रांगेत, एका बाजूला तुझी आई आणि दुसऱ्या बाजूला तुझा भाऊ. मग आमदार माइककडे वळले. म्हणाले, "डॉक्टरबाईंनी आमच्या माता-भगिनींना अंगण ओलं करून झाडायला शिकवलं. त्यांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेच्या प्रत्येक घराला पाणी शिंपडायचा एक झारा देण्यात येईल. झाऱ्यावर बाईंचा फोटो असेल."

टाळ्या पडल्या, ताय. शोकसभेत टाळ्या.

लगेच नमुनाही दाखवला. हिरवा प्लॅस्टिकचा झारा, आपण तुळशीला पाणी घालतो तसला. त्यावर चिकटवलेला तुझा फोटो माझ्या लग्नातला. कुणी दिला कोण जाणे. तू माझ्याकडे बघून हसते आहेस, आणि मला कापून टाकलंय. पण कापणाऱ्याचा हात घसरला असावा, कारण तुझ्या खांद्याशी माझ्या शालूचा काठ तसाच राहिलाय. म्हणजे मीही आहे त्या झाऱ्यावर, चार बोटं. आयुष्यभर घरात मीच बडबड करायची आणि मान तुला मिळायचा, ते असं फोटोतसुद्धा चालू राहील असं वाटलं नव्हतं.

या घरात बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही चार माणसं जमली की गोष्ट मी सांगते. लोक घड्याळं बघू लागले तरी सांगते. पण त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. राग इतका होता की तो कुठून सुरू करावा हेच कळेना. म्हणून आता लिहितेय. तुलाच लिहितेय, कारण रागाचा मोठा वाटा तुझाच आहे.

*

मी पेडण्याहून या डिचोलीच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुला "तुम्ही" म्हणायचे. तू मोठी नणंद, त्यात डॉक्टर. तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "अगो, तुम्ही तुम्ही करशील तर मला वाटेल तुला काहीतरी दुखतंय. तू म्हण." म्हटलं. आणि म्हटल्यावर भांडायलाही सोपं गेलं. तुझं लग्न झालं नव्हतं, माझं तुझ्या भावाशी झालं होतं. आपल्यातली कोण जास्त फसली यावरूनच आपलं पहिलं भांडण.

तू डॉक्टर असून औषध फारसं द्यायची नाहीस. तुझं काम विचारण्याचं. कोण कुठे राहतं, काय शिजवतं, कधी खोकतं. आपल्या गावातून खाणीचे ट्रक जातात, त्या रस्त्याकडेच्या घरांतल्या बायकांचा श्वास आणि आत वाड्यावर, म्हणजे रस्त्यापासून दूरच्या वस्तीत, राहणाऱ्या बायकांचा श्वास यांत काही फरक आहे का, हे तुला बघायचं होतं. नळीत फुंकर मारायची, यंत्र आकडा दाखवतं. तू शहरातून शिकलेल्या मुली आणल्यास. आमच्याच सोप्यावर, म्हणजे ओसरीवरच्या त्या सिमेंटच्या बैठकीवर, एकेक बाई बसायची आणि मुलगी सांगायची, "काकी, दिवा विझवतो तशी जोरात फुंकर मारा."

सगळ्यांचेच आकडे वाईट आले, रस्त्यावरच्यांचे आणि वाड्यावरच्यांचेही. मुली घाबरल्या. मी तर मनात गोष्ट रचायलाही घेतली, की आमचं अख्खं गाव कसं अर्ध्या श्वासावर जगतंय. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आणणारी गोष्ट झाली असती.

आई दाराशी उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "दिवो फुंकून कोण विझयता गो? घरातला दिवो? असली अवलक्षणां कोणी शिकयली तुमकां?"

तेव्हा तुझ्या लक्षात आलं. एकही बाई जोर लावत नव्हती. दिवा फुंकून विझवायचा नसतो हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात लावून, पदर धरून, वात ओढून विझवायचा. मुलीनं दिव्याचं नाव घेतलं आणि प्रत्येकीची फुंकर ओठांतच अडकली. शेजारची काकी तर नळीला नमस्कार करून हळूच वारा घालत होती.

तू ते सगळे आकडे टाकून दिलेस. मी ओरडले, "अगो, इतके भयंकर आकडे! हेच दाखव ना सरकारला!" तू म्हणालीस, "खोटे आहेत." मी म्हटलं, "पण आपल्या बाजूचे आहेत." तू माझ्याकडे असं बघितलंस की मी उठून चहा ठेवायला गेले. मग मुलींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी सांगायचं, "चूल पेटत नसली की फुंकणीनं फुंकता तसं फुंका." काय फुंकल्या बाया! आई आत्तापर्यंतचा सगळा संसार त्या नळीत फुंकून मोकळी झाली.

आणि मग जे उरलं ते खरं उरलं. वाड्यावरच्या बायका बऱ्या होत्या. रस्त्यावरच्या नव्हत्या. चूल दोघींची सारखी, झाडू सारखा, वय सारखं. फरक रस्त्याचा. तू ते मला सांगितलंस तेव्हा बाहेर अंगणात तुझ्या भावाचा ट्रक उभा होता. त्याच ट्रकाच्या हप्त्यावर आणि भाड्यावर हे घर चालतं, त्याच सोप्यावर आपण बसलो होतो. दोघींनी ट्रककडे बघितलं आणि दोघींनी मान फिरवली.

*

गावाला सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. तुझं म्हणणं, ज्यांनी श्वास दिला त्यांना आधी कळायला हवं, परिषदा नंतर. मी मराठीची शिक्षिका, म्हणून पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी झोकात सुरुवात केली, "सूक्ष्म धूलिकण श्वसनमार्गात प्रवेश करून..."

तू तिथेच कागद खाली ठेवलास. "हे कोण वाचणार?"

"सुशिक्षित लोक."

"सुशिक्षितांच्या नाकात धूळ जात नाही. काढ."

शेवटी तूच लिहिलंस. अंगण आधी ओलं कर, मग झाड. झाडताना पदर तोंडावर धर. खोकला महिनाभर राहिला तर तो वयाचा नव्हे, दाखवून ये. संपलं. माझ्या हिशेबानं त्यात एकही सुंदर वाक्य नव्हतं. छापून गठ्ठा पंचायतीत ठेवला, येईल त्याला द्या म्हणून. येणाऱ्याला कुणी दिला नाही. गठ्ठा तसाच पडून राहिला, आणि जत्रेच्या आठवड्यात तिथल्या कुणीतरी तो रद्दी म्हणून खाजेवाल्यांना देऊन टाकला.

जत्रेत आपण शेवंतीच्या दुकानावर खाजं घेतलं. बेसनाच्या कांड्या, गुळाच्या पाकात घोळलेल्या, आल्याचा झणका. जत्रेला गेलेला माणूस खाज्याशिवाय घरी परतत नाही, हे तुला सांगायला नको. शेवंतीनं पुडी हातात दिली आणि तू पुडीकडे बघतच राहिलीस. तुझंच पत्रक. तेलाचा डाग "खोकला" या शब्दावर बरोबर.

मला वाटलं, आता ही जत्रा उधळते. पण तू गर्दीत उभी राहून बघू लागलीस. समोर एक बाई देवळाच्या पायरीवर बसून खाजं खात होती आणि कागद फिरवून फिरवून वाचत होती. पलीकडची दुसरी आपल्या सुनेला वाचून दाखवत होती. तू माझा हात इतका दाबलास की बांगडी पिचली. "अगो, खाजं खाताना माणूस दुसरं काय करणार? कागदच वाचणार ना!"

पुढच्या वर्षापासून तू पुडीच्याच मापाचा कागद छापून घेऊ लागलीस. शेवंतीला बजावलंस, "छापील बाजू बाहेर. शाई पोटात जाता कामा नये. आतली बाजू कोरी." ती म्हणाली, "डॉक्टरीण, माझ्या आज्यापासून आम्ही वर्तमानपत्रात बांधतो, कोण मेलं नाही." तू म्हणालीस, "कोण मोजायला गेलं होतं?" शेवंती हसली, पण ऐकलं. पेडण्यात माझ्या माहेरच्या जत्रेतही तो कागद पोहोचला. माझ्या भावजयीनं फोन करून विचारलं, अंगण ओलं करायचं ते शेण घालून की नुसतं?

त्या दिवसांत तुझा किती अभिमान वाटायचा. आणि त्याच दिवसांत आपलं ते भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही.

*

मी म्हटलं, "तू अर्धंच सांगितलंस."

कागदावर झाडू होता, पाणी होतं, पदर होता. रस्ता नव्हता. चूल सारखी, झाडू सारखा, फरक ट्रकांचा, हे एवढं वाक्य कुठेच नव्हतं. मी विचारलं तर तू म्हणालीस, जागा नाही. आतली बाजू कोरी ठेवायची ना, शाईसाठी. मी म्हटलं, शाईचं कारण शेवंतीला सांग, मला नको.

मग खरं बोललीस. जे बाईच्या हातात आहे ते बाईला सांगायचं. जे सरकारच्या हातात आहे ते सरकारला. घर सोडून ती कुठे जाणार आहे? ज्याच्यावर तिच्याकडे इलाज नाही ते सांगून तिची झोप कशाला उडवायची? आणि दर दुसऱ्या घरासमोर ट्रक उभा आहे, घराघरात भांडणं लागतील. "आधी वर सांगते. तिथून काहीतरी हलू दे."

मी म्हटलं, "तिच्याकडे इलाज नाही हे तू परस्पर कसं ठरवलंस? तिला विचारलंस?"

आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत फिरलेल्या बाईला मी हे ऐकवलं. मला वाटलं जिंकले. तू नुसतीच अंगणातल्या ट्रककडे बघत होतीस. मग हळू म्हणालीस, "त्याच्या पोटावर येईल गो." म्हटलं, "माझ्या नवऱ्याचं मी बघते. तू तुझ्या कागदाचं बघ."

तू वर सांगायला गेलीस. मला बरोबर घेतलंस, कारण येताना वाटेत भांडायला कुणीतरी हवं होतं. पणजीच्या सरकारी कचेरीतली ती थंडगार खोली, समोर पॅटिस, तीन बशा. तू ट्रकांवर ताडपत्री, रस्त्यावर पाणी, शाळेच्या वेळात वाहतूक बंद, आणि तालुक्यात श्वास तपासायची सोय, एवढंच मागितलंस. आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे आधीच प्रामाणिकपणे सांगून टाकलंस की पहिली तपासणी चुकली होती, म्हणून पुन्हा केली.

मोठ्या अधिकाऱ्यानं पॅटिस खाली ठेवलं. "म्हणजे अभ्यासात चूक होती."

"होती. म्हणून टाकून दिला आणि परत केला."

"एकदा चुकलं ते परतही चुकू शकतं, नाही का मॅडम?"

मी तुझ्याकडे बघितलं. जे आकडे तू खोटे म्हणून फेकलेस, आपल्या बाजूचे असून फेकलेस, तेच त्यानं उचलून तुझ्या तोंडावर मारले. मग तो गोड झाला. पुडीचा कागद हातात घेऊन म्हणाला, "पण हे छान आहे हं. लोकांनी स्वतःची काळजी स्वतः घेणं. हे आपण पुढे नेऊ."

पुढे नेलं, ताय. झाऱ्यापर्यंत नेलं.

येताना मयेच्या तळ्यापाशी तू गाडी थांबवायला सांगितलंस. पाण्याकडे बघत बसलीस. मी तोंड चालवत होते, "बघ, तुझा अर्धा कागद त्यांना किती आवडला! आता धूळ कुणाची, बाईची. झाडता येत नाही तिला! ट्रक त्यांनी न्यायचे आणि पाणी आम्ही मारायचं!" तू एवढंच म्हणालीस, "औंदा जत्रेच्या कागदाचं बघूया."

बघूया म्हणजे काय? हो की नाही? मी विचारणार होते. आज नको, दमली आहेस, उद्या विचारू, असं म्हटलं. आणि मग तू गेलीसच.

याचा मला राग आहे. त्या अधिकाऱ्याचा आहे, आमदारांचा आहे, त्या हिरव्या झाऱ्याचा तर आहेच. पण "बघूया" म्हणून मधूनच उठून गेलेल्या माणसाचा सगळ्यांत जास्त आहे. भांडण अर्धवट टाकून जायला तू काय माहेरवाशीण होतीस? हे तुझंच घर होतं.

*

शोकसभेनंतर काही दिवसांनी शेवंती आली. माझ्यासमोर बसली, पदरानं डोळे पुसले, आणि म्हणाली, "वहिनी, विचारू नये, पण जत्रा आली. औंदा कागद नाय?"

मी म्हटलं, "आमचं दुखवट्याचं वर्ष आहे शेवंती. आम्ही जत्रा करत नाही."

"तुमी नका करू. गिऱ्हाईक विचारता. डॉक्टरणीचो कागद खंय म्हणून."

विचारतात, ताय. तुझा कागद विचारतात.

मी बसले लिहायला. सवयीनं पहिलं वाक्य सुंदर लिहिलं, आणि तू खोकलीस असं वाटून खोडलं. मग लिहिलं: "आम्ही तुमचा श्वास मोजला. रस्त्याकडेच्या बायकांचा श्वास वाड्यावरच्या बायकांपेक्षा कमी आहे. चूल सारखी आहे. झाडू सारखा आहे. फरक ट्रकांच्या धुळीचा आहे. हे सरकारला सांगून झालंय. ट्रक ताडपत्रीनं झाका आणि रस्त्यावर पाणी मारा, एवढं मागितलं आहे. उत्तर आलेलं नाही." खाली तुझं नाव.

जेवताना कागद तुझ्या भावापुढे ठेवला. म्हटलं, छापायच्या आधी बघ. तो पुष्कळ वेळ वाचत राहिला. एवढासा कागद. आई ताट घेऊन तशीच थांबली. मी मनात माझी सगळी भांडणं गोळा करून ठेवली होती, एकही लागलं नाही.

तो म्हणाला, "नुसती ताडपत्री म्हणून लिहू नको. 'चारी बाजूंनी बांधलेली' असं लिही. आम्ही वरवर टाकतो. कुणी अडवलं तर दाखवायला."

आणि जेवायला लागला. जरा वेळानं म्हणाला, "ताय हे मला कधी बोलली नाही."

म्हणजे मी बरोबर होते. तुझ्याशी भांडताना एकदाच बरोबर होते, आणि हे ऐकायला तू नाहीस. तुला त्याच्या पोटाची काळजी होती. त्याला नुसतं कुणी विचारलं असतं तरी चाललं असतं.

पण हेही खरं की तू असला कागद लिहायला शिकवलं नसतंस, तर मी अजून "सूक्ष्म धूलिकण" करत बसले असते. सगळं श्रेय मीच घेतेय असं समजू नकोस. थोडंसंच घेतेय.

जत्रेच्या दिवशी आम्ही घरीच होतो. दिवेलागणीच्या आधी बायका परतू लागल्या. दर वर्षी आमच्या दारावरून पुढे जातात, या वर्षी थांबल्या. सांत्वनाला नव्हे. हातात पुड्या. एकीनं विचारलं, "हें खरें गो?" मी म्हटलं, "खरं. तूच फुंकलं होतंस ना नळीत?" ती म्हणाली, "आणि मी आपली पहाटे उठून दोन-दोनदा अंगण शिंपडत होते. वाटायचं, मलाच झाडायला जमत नाही." तिचा आवाज चढला होता. झोप उडाली असेल तिची. उडू दे.

*

झारे वाटायला आमदारांचा माणूस परवा आला. सुरुवात डॉक्टरबाईंच्या घरापासून, म्हणून. सोबत फोटो काढणारा. आईला सोप्यावर बसवलं, हातात झारा दिला. "आई, जरा इकडे बघा."

आईनं विचारलं, "हो झारो कित्याक?"

"धूळ बसवायला. अंगणात पाणी मारायचं."

"धूळ कोण उडयता?"

तो हसला. फोटोवालाही हसला. आई हसली नाही.

"जो उडयता ताका दी झारो. म्हाका म्हज्या चेडवाचो फोटो दी."

तो म्हणाला, आई, लेकीचा फोटो चिकटवलेला आहे, वेगळा मिळत नाही. आईनं झारा मांडीवर घेतला आणि नखानं फोटोची कड उचलायला लागली. सावकाश. एका कोपऱ्यापासून. दोघं माणसं ऊन खात उभी राहिली. ती म्हातारी वर बघेना, घाई करेना. सगळा निघाला, फाटला नाही. मग तिनं झारा त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "व्हर तुजो झारो."

त्यांच्याकडे आता बिनफोटोचा एक झारा आहे. बाकीचे वाटून झाले, त्यांवर तू अजून आहेसच.

सोललेला फोटो कुठे लावायचा यावर माझं आणि आईचं एकमत होईना. तुझ्या भावानं तो घेतला आणि ट्रकाच्या काचेवर आतून लावला, देवाच्या फोटोखाली. माझ्या शालूचा काठ अजून आहे त्यावर. तुला हे चाललं असतं की नाही मला माहीत नाही. भांडली असतीस असं वाटतं. भांड.

तो आता निघताना ताडपत्री चारी बाजूंनी बांधतो. दोरी ओढताना ट्रकभोवती फिरतो, त्याला वेळ लागतो, मागचे भोंगे वाजवतात. आपल्या दारावरून दिवसाला जितके ट्रक जातात, त्यांतला हा एक झाकलेला. बाकीचे अजून उघडेच जातात, ताय. मी दारात उभी राहून बघते, आणि अंगणात पाणी मारत नाही.